राऊतबाईंचा हिरवा

राऊतबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. अमरावतीच्या मुलींच्या शाळेत मी नुकतीच मराठीची शिक्षिका म्हणून लागले होते. वकिलाची मुलगी, पहिलीच नोकरी आणि त्या दिवसासाठी मुद्दाम घेतलेलं जांभळं पातळ, अशी सगळी ऐट होती. शिक्षकांच्या खोलीतून एक उंच, सावळी, पांढऱ्या लुगड्यातली बाई उठून आली. माझा पदर तिनं चिमटीत धरला, चुरून पाहिला आणि म्हणाली, "रंग पक्का नाई याचा. पहिल्याच धुन्यात जाईल. दुसऱ्या कपड्यायसंगं भिजवू नका, बाई."

मला राग आला. ओळख ना पाळख, आणि माझ्या पातळाची परीक्षा! मी हट्टानं ते सगळ्या धुण्याबरोबर भिजवलं. पुढच्या सोमवारी माझ्या वडिलांना फिकट जांभळं धोतर नेसून कोर्टात जावं लागलं, आणि घरी आल्यावर ते माझ्याशी बोलेनात. मी शाळेत जाऊन हे राऊतबाईंना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. तेव्हापासून आमची मैत्री जमली.

बाई अकोल्याच्या. मोर्णा नदीच्या पलीकडे त्यांच्या माहेरचा मळा होता. वांगी, मेथी आणि कडेनं झेंडू-शेवंती. लग्न झालं आणि वर्षाच्या आत नवरा गेला. वडील हेकट होते. भाऊबंदांनी नावं ठेवली तरी त्यांनी या विधवा मुलीला शाळेत घातलं, पुढे ड्रॉइंगच्या परीक्षेला बसवलं आणि ती नोकरीला लागल्यावर निवांत डोळे मिटले. कापड चुरून पाहण्याची सवय बाईंना आईकडून आलेली. त्या आईला घरादारात सगळे नुसतं 'माय' म्हणत.

चित्रकलेचा तास म्हणजे त्या काळी घडा, जास्वंदीचं फूल आणि दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य. बाईंच्या वर्गात तो सूर्य कधी उगवला नाही. "दोन डोंगराच्या मधातून निंगनारा सूर्य म्या त अजून पाह्यला नाई," त्या मुलींना म्हणत. "अमरावतीत कुठं दिसत असंन त सांगा, सारे जाऊन पाहून येऊ." आमच्या मुख्याध्यापिका पुण्याकडच्या. त्यांनी एकदा बाईंना बोलावून शुद्ध बोलण्याबद्दल समज दिली. बाई शांतपणे म्हणाल्या, "मोठ्या बाई, पोरी चित्र डोयानं पाह्यतात, कानानं नाई." त्यानंतर तो विषय निघाला नाही.

त्यांचं स्वतःचं काम मी पाहिलं ते अंबागेटजवळच्या त्यांच्या दोन खोल्यांत. बाई उभ्यानं चित्र काढत नसत. कापसाच्या जिनातून आणलेलं बारदान लाकडी चौकटीवर ताणून ते जमिनीवर आडवं टाकायचं, आणि सारवायला बसतात तसं उकिडवं बसून चिंधीच्या पोचाऱ्यानं आणि तळव्यानं रंग ओढायचा. रंग म्हणजे गेरू, दिव्याची काजळी आणि दारं-खिडक्यांना लावतात तो डब्यातला रंग. त्यात माणूस नाही, झाड नाही, घर नाही. मी वकिलाच्या मुलीला शोभेलसा प्रश्न विचारला, "हे कशाचं आहे?"

"कायचं हाय ते इचारू नको," बाई म्हणाल्या. "कुठं लागते ते सांग."

वर्गातही त्या हेच म्हणत. मुली हसत आणि 'बाई, पोटात' म्हणत. मी मात्र तेव्हा काहीच सांगू शकले नाही, कारण मला खरंच काही कळलं नव्हतं.

वऱ्हाड तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि मुंबईची विद्वान मंडळी आम्हाला पाहायला येऊ लागली होती. त्यांत मोघे नावाचे एक कलासमीक्षक व्याख्यानाला आले. मोठ्या बाईंनी शाळेच्या सभागृहात प्रदर्शन मांडलं होतं. मुलींचं भरतकाम, रांगोळ्या, आणि मागची भिंत ओकीबोकी दिसत होती म्हणून तिथं राऊतबाईंचं सगळ्यात मोठं चित्र. खाली मोठ्या बाईंनीच 'रंगसंगती' अशी चिठ्ठी चिकटवली होती.

मोघे भरतकामावरून भराभर पुढे आले आणि त्या भिंतीशी थांबले. चित्रात वरून खाली काजळीचा जड काळा ओघ उतरत होता. मधे गेरूचं एक वर्तुळ होतं. ते पुरं होत आलं होतं, पण झालं नव्हतं. आणि अगदी खाली, सगळ्या काळ्यातून सुटून, वीतभर हिरवा. मोठ्या बाई संकोचून म्हणाल्या, "आमच्या ड्रॉइंगच्या बाईंचं आहे. जरा मोठं झालंय."

मोघ्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांचे डोळे ओले होते, हे मी जवळून पाहिलं. त्यांनी बाईंना विचारलं, "हा हिरवा तुम्ही कुठून आणलात? असा हिरवा डब्यात मिळत नाही."

"अकोल्याहून," बाई म्हणाल्या.

त्यांनी चित्र विकत मागितलं. बाईंनी मान हलवली. "दुसरं कोनतंबी न्या. हे इकायचं नाई."

महिन्याभरात मुंबईच्या एका मासिकात मोघ्यांचा लेख आला. तो मी बाईंच्या खोलीत बसून मोठ्यानं वाचला. एवढी स्तुती मी कुणाची वाचली नव्हती. निर्भय हात, काळ्याचा असा बेधडक वापर, पाहणाऱ्याचा घसा कोरडा करणारी ताकद! शेवटी त्यांनी लिहिलं होतं की या बाईनं विषयाचं ओझंच झुगारून दिलं आहे. इथे कुणाची कहाणी नाही, कुणाचं दुःख नाही, आहे तो केवळ रंगाचा जय.

माझा आवाज आनंदानं चढला होता. मी वर पाहिलं तर बाई चुलीतली राख ओढत बसल्या होत्या.

"मोठा जानता मानूस हाय," त्या म्हणाल्या. "नेमका दुखऱ्या जागी हात ठेवला त्यानं. अन् वरून म्हनते, इथं काईच दुखत नाई."

मग त्यांनी माझा हात धरून मला चित्राशी नेलं आणि माझी बोटं त्या हिरव्यावर ठेवली. रंग लागेल असं वाटलं होतं. हाताला सूत लागलं. खालच्या कडेला लुगड्याचा विणलेला काठ होता. अख्खं हिरवं लुगडं बारदानावर खळीनं डकवून त्यावर काळं आणि तांबडं ओढलं होतं, आणि खाली वीतभर ते तसंच सोडलं होतं.

ते रुखमाचं लुगडं. रुखमा ही बाईंची धाकटी बहीण, बाईंच्याच कडेवर वाढलेली. तेल्हाऱ्याला सखारामजी ढोकण्यांच्या घरी, त्यांच्या मुलाला दिली होती. सरकी-ढेपीचा मोठा व्यापार, माडीचं घर. माळ्याच्या पोरीनं नशीब काढलं असं जो तो म्हणाला. दुसऱ्या दिवाळीला ती माहेरी आली ती परत जाईना. अंगावरचे वळ तिनं मायला दाखवले. भाऊ महादेव म्हणाला, चार दिवसांनी निवळेल, आणि स्वतः तिला पोचवून आला. मार्गशीर्षात निरोप आला, पाणी शेंदताना पाय घसरून विहिरीत गेली.

सवाष्ण गेली की तिला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवतात. मग हळदकुंकू लावून निघतात. दूरचं माहेर असलं तरी थांबतात. गरिबातला गरीबही थांबतो. माय रडत रडत अकोल्याच्या दुकानातून हिरवं लुगडं घेऊन मोटारीनं तेल्हाऱ्याला पोचली, तेव्हा सगळं आटोपलं होतं. उन्हाळ्याचे दिवस, ठेवता आलं नाही, असं म्हणावं तर थंडीनं दात वाजत होते. तिला उघडून कुणी पाहू नये म्हणून घाई केली, हे सगळ्यांना कळलं. कुणी बोललं नाही. लुगडं घडी न मोडता परत आलं.

"माय त्याच्याकडं पाह्यलं का घेरी येऊन पडे," बाई म्हणाल्या. "मनून मी घेऊन आलो. आता ह्यो मुंबईवाला म्हनते, कोनाची कहानी नाई."

त्या रडल्या नाहीत. मी रडले. कुठं लागतं ते मला त्या दिवशी कळलं.

लेखाचा गाजावाजा अकोल्यापर्यंत गेला. तिथल्या एका मंडळानं गावच्या लेकीचा सत्कार ठरवला; ते चित्रही आणायचं होतं. निमंत्रण घेऊन महादेव स्वतः अमरावतीला आला. भाऊ वाईट नव्हता, भित्रा होता. त्याची मुलगी शांता लग्नाची होती आणि बाळापूरच्या एका चांगल्या घरी जवळजवळ जमलं होतं. जमवलं होतं सखारामजींनी.

"अन् सत्काराले अध्यक्षबी तेच हायत," महादेव जमिनीकडे पाहत म्हणाला. "मंडयवाल्यायले वाटलं, सोयरे हायत, घरचेच पाव्हने. बाईले बरं वाटंल. ताई, त्याईच्या मनात आता काई नाई. तुह्याबी मनात ठेवू नको."

"त्याईच्या मनात नसंनच," बाई म्हणाल्या. "त्याईची कुठं मेली?"

"शांतीसाठी तरी काई बोलू नको, बाप्पा. हात जोडतो."

तो गेल्यावर मी म्हटलं, कशाला जाता? तब्येत बरी नाही म्हणून कळवा. बाई म्हणाल्या, "मायनं माह्यं एकबी चित्र पाह्यलं नाई. ती येतो म्हनते."

चादरीत गुंडाळलेलं ते चित्र आम्ही दोघींनी बडनेऱ्याला एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवलं. मी मनात दोन्ही गोष्टी मागत होते: बाईंनी तिथं काही बोलू नये, आणि बाईंनी तिथं सगळं बोलावं. यातलं कोणतं जास्त मागत होते ते आजही सांगता येत नाही.

सभा सुरू व्हायच्या आधी माय आली. वाकलेली, पायात काही नाही, ओच्यात शेवंतीची फुलं. चित्र व्यासपीठाशेजारी भिंतीला टेकवलेलं होतं. तिनं वरचं काळं पाहिलं न पाहिलं, सरळ खाली वाकली, हिरवा काठ चिमटीत धरला आणि चुरला. मग ती तिथंच जमिनीवर बसली.

"मले वाटलं, तुनं मोर्नेत सोडलं," ती बाईंना म्हणाली. "ठेवलं होतं पोरी तुनं." आणि ओच्यातली फुलं तिनं त्या काठाशी ठेवली. लोकांना वाटलं, म्हातारीनं लेकीच्या कलेची पूजा केली. टाळ्या पडल्या. महादेवाचा चेहरा मात्र उतरला. त्यानं काठ ओळखला होता.

सखारामजी उंचेपुरे, फेटा बांधलेले, बोलायला गोड. त्यांनी बाईंच्या गळ्यात हार घातला. चिटणिसांनी मोघ्यांचा लेख वाचून दाखवला. मग सखारामजी उठले. "मले अडान्याले चित्रातलं काय समजते? पन मुंबईचा एवढा मोठा मानूस म्हनते का ह्याच्यात कायचंच चित्र नाई, तरी मोठं चित्र हाय, त असंनच. आमच्या सोयऱ्याच्या लेकीनं वऱ्हाडाचं नाव काढलं. मी आज इथं सांगतो, हे चित्र माह्या नव्या बैठकीत लागंन. बाईनं तोंडानं मागावं, तेवढं देतो."

सगळी सभा बाईंकडे पाहू लागली. पुढच्या ओळीत बाळापूरची मंडळी बसली होती. महादेवानं खरोखरच हात जोडले होते, छातीशी, कुणाला दिसू नयेत असे.

बाई उठल्या. हार काढून त्यांनी खुर्चीवर ठेवला. आवाज वर्गात असे तसाच, ना चढा ना उतरता.

"मोघेसाहेबायनं लय चांगलं लेह्यलं. माह्यी तेवढी लायकी नाई. पन ह्याच्यात कायचंच चित्र नाई, हे काई खरं नाई. सखारामजी, पैसे नको मले. हे लुगडं हाय. खालून काठ पाहा. रुखमीचं हाय. माय घेऊन आलती, तुमच्या घरी नेसवाचं राहून गेलं. आता न्या."

एवढंच बोलून त्या बसल्या. मुंबईहून कुणी आलेलं असतं तर त्याला यात काही कळलं नसतं. पण त्या सभागृहात बसलेल्या प्रत्येक बाईला कळलं. मागच्या बाजूला कुणीतरी 'अगं माय' म्हटलेलं मला ऐकू आलं. बाळापूरच्या मंडळींतली एक म्हातारी पदर तोंडाला लावून उठली आणि बाहेर गेली. सखारामजी उभेच होते. नको म्हणावं तर कबुली होते, आणि न्यावं तर लुगडं घरात येतं. चारचौघांत शब्द दिला होता. त्यांनी नेलं.

ही गोष्ट इथं संपली असती तर मी बाईंना शूर म्हणून मोकळी झाले असते. पण बाळापूरचं स्थळ आठवड्याच्या आत मोडलं. महादेव अमरावतीला आला तो उंबऱ्याच्या आत आला नाही. "एका मेलेलीसाठी जित्या पोरीचं वाटोयं केलं तुनं," तो म्हणाला आणि तसाच फिरला. शांताचं लग्न पुढे दोन वर्षांनी खानदेशात कुठंतरी, दुसरेपणावर झालं. बाईंना बोलावणं नव्हतं. माय थकली, वारली, तेव्हा बाई मोर्णेच्या अलीकडच्या काठावर उभ्या राहून परत आल्या.

मी एकदा धीर करून विचारलं, "बाई, त्या दिवशी बोललात ते बरोबर केलंत, असं वाटतं ना?"

"ते मले नको इचारू," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडून लागते."

त्यानंतर त्यांनी मोठं चित्र काढलं नाही. पाटीएवढ्या चौकटी, फिके रंग. मोघे पुन्हा एकदा आले, ती चित्रं पाहिली, चहा घेतला आणि पुढच्या लेखात लिहिलं की या चित्रकर्तीचं पूर्वीचं धाडस आता ओसरलं आहे. मी तो अंक रागानं फेकला. बाईंनी तो उचलून नीट ठेवला. "बरोबर लेह्यलं त्यानं. त्याचा डोया चांगला हाय, कानच नाई."

पुढे बाईंना यकृताचं दुखणं लागलं. शाळा सुटली, अंथरूण सुटेना. त्याच सुमारास परीक्षेच्या कामासाठी मला तेल्हाऱ्याला जावं लागलं. सखारामजी आदल्या वर्षी वारले होते. त्या घरी जायचं नाही असं ठरवून मी निघाले होते, आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांच्या दारात उभी राहिले.

बैठकीत कुणी नव्हतं. चित्र समोरच्या भिंतीवर होतं आणि त्याच्यासमोर सतरंजीवर रुखमाची सासू बसली होती, कपाळ मोकळं, हातात माळ नाही की पोथी नाही. मी राऊतबाईंच्या शाळेतली, एवढं सांगितलं. तिनं बसायला सांगितलं. मी चित्राकडे पाहिलं. हिरव्या काठावर एका जागी हळदकुंकवाचा थर जमला होता. रोज बोट टेकवल्याशिवाय असा थर जमत नाही.

"पोट्टे म्हनतात काढून टाक," म्हातारी म्हणाली. "आलागेला इचारते, कायचं चित्र हाय. मले बी नाई समजत, बाई. पन याच्यासमोर बसलं का इथं लागते." तिनं हात छातीवर नाही ठेवला, खाली, बरगड्यांच्या आत दाबून धरला. "आता माह्याच कपायी कुकू नाई. पन तिले लावतो. त्या दिवशी मी घरीच होतो. थांबा, तिची माय येऊ द्या, येवढं तरी मले म्हनता आलं असतं."

तिला माझ्याकडून काही नको होतं.

अमरावतीला परतल्यावर मी स्टेशनावरून सरळ बाईंकडे गेले. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी सगळं सांगितलं: सासू, तिचा हात, तो थर. मला वाटलं, त्या रडतील, किंवा तोंडभर शिव्या तरी देतील.

"हिरवा उतरला काय?" त्यांनी विचारलं.

"नाही बाई. तसाच आहे. काळं थोडं तडकलंय, पण हिरवा तसाच."

त्यांनी कूस वळवली. माझा पदर खाटेच्या कडेला पडला होता, तो त्यांनी चिमटीत धरला, पण चुरला नाही.

"नाई उतरनार," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी दुकानात माय रडे, अन् येक येक लुगडं चुरून पाहे. पक्क्या रंगाचं हाय ना रे भाऊ, मने. माह्या पोरीले नेसवाचं हाय."

पंधरवड्यात त्या गेल्या. मी हिरवं लुगडं घेऊन गेले होते. विधवेला हिरवं नेसवत नाहीत, असं शेजारच्या बायका म्हणाल्या. मी ते नेसवलं. दुकानात मी ते चुरून पाहिलं होतं.